डाव्या पायाचा बदली कामगार

देवाने माणसाला डावा पाय का दिला असावा, याचा उलगडा मला मोटार शिकताना झाला. उजवा पाय वेग देतो, ब्रेक लावतो, म्हणजे घरातला कर्ता पुरुष. डावा पाय बिचारा क्लच दाबतो, सोडतो, पुन्हा दाबतो, आणि त्याचं कौतुक कुणी करत नाही. कोथरूडहून सदाशिव पेठेत जायचं म्हणजे नळस्टॉप येईपर्यंत त्याच्या शंभर उठाबशा काढून होतात. घरोघरी असा एखादा डावा पाय असतोच. आमच्या घरी तो कोण आहे, हे मी छापील कागदावर सांगणार नाही.

तर आमच्या सौभाग्यवतींचा डावा गुडघा बदलला आणि डॉक्टरांनी बजावलं, "क्लच दाबणं आता नको." इकडे सासूबाई सत्त्याऐंशीच्या. रोज दुपारी त्यांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालायचे असतात, आणि जावयाने घातलेला थेंब नाकात जातो अशी त्यांची श्रद्धा आहे. रिक्षावाल्यांना तर सदाशिव पेठ म्हटलं की कधी गॅस भरायचा असतो, कधी जेवायला घरी जायचं असतं. तेव्हा क्लचच नसलेली मोटार घेणं आलं. पूर्ण ऑटोमॅटिक गाडी खिशाला झेपेना, म्हणून मधला मार्ग निघाला. या गाडीत गिअरबॉक्स जुनाच, क्लचही जुनाच. फक्त तो दाबायला पायाऐवजी एक बदली कामगार नेमलेला असतो.

या बदली कामगाराचं खानदान मात्र मोठं! १९८९ साली फेरारीने शर्यतीच्या मोटारीला असा गिअरबॉक्स बसवला. सरावात तो इतका दगा देई की नायजेल मॅन्सेलने म्हणे ब्राझीलच्या शर्यतीनंतरचं लवकरचं विमान गाठायचं ठरवून ठेवलं होतं. आणि शर्यत तोच जिंकला! पुढे उमगलं की दोष गिअरबॉक्सचा नव्हताच, त्याला पोचणारी वीजच अपुरी पडत होती. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे. २०१४ पासून हीच युक्ती आपल्याकडच्या लहान मोटारींतही आली.

आता हा कामगार काम कसा करतो? अगदी आपल्या सोसायटीच्या पाण्यासारखं. खाली एका भांड्यात तेल असतं. विजेचा पंप ते दाबून वरच्या टाकीत भरतो. या टाकीला अ‍ॅक्युम्युलेटर म्हणतात. आकाराने ती लोट्याएवढी. आत एक पडदा, पडद्यामागे कोंडलेला नायट्रोजन. टायरमध्ये जेवढा दाब असतो त्याच्या वीसपट दाब या लोट्यात. गिअर बदलायची वेळ आली की नळ सुटल्यासारखं तेल सुटतं आणि क्लच दाबला जातो. टाकी भरलेली असली तर चार-सहा गिअर पंपाशिवाय पडतात. सकाळी ड्रायव्हरचं दार उघडलं की पंप "झूं" करतो, म्हणजे मालक बसायच्या आत टाकी भरून ठेवतो. इतका आज्ञाधारक प्राणी मी दुसऱ्या कुठल्याही नात्यात पाहिलेला नाही.

एका सोमवारी दार उघडलं आणि "झूं" नाही! काट्यांशेजारी गिअरचा दिवा लाल. गाडी पहिल्या गिअरमध्ये अडकलेली, म्हणजे ढकलायचीही सोय नाही, आणि नेमकी सेक्रेटरींच्या स्कूटरपुढे उभी. थेंबांची वेळ दुपारी तीनची. सौ. काही बोलली नाही. नुसती पर्स घेऊन रस्त्यावर जाऊन उभी राहिली, नव्या गुडघ्यावर, रिक्षाची वाट पाहत.

सेवा केंद्राचा टाय लावलेला तरुण आला. त्याने गाडीला संगणक लावला आणि शोकसभेत बोलतात त्या आवाजात म्हणाला, "सर, पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल." आकडा पाच अंकी होता, आणि पहिला अंक एक नव्हता.

मग आमचे जुने मेस्त्री आले. ते म्हणाले, "साहेब, आधी स्वस्तातलं बघायचं. डॉक्टरसुद्धा आधी जीभच बघतात ना?" बॅटरी मोजली, ठणठणीत. भांड्यातलं तेल दोन खुणांच्या मध्ये. फ्यूज शाबूत. मग त्यांनी पंपाचा रिले, म्हणजे विजेचा तो काडेपेटीएवढा दिंडी दरवाजा, उपटला आणि हॉर्नचा तसलाच रिले त्या जागी खोचला. "झूं!" हॉर्न मुका झाला, पण गाडी बोलायला लागली. जुना रिले फोडला तर आतले पॉइंट जळून काळे!

मी पाकीट काढलं. मेस्त्री म्हणाले, "थांबा. जळला का, ते नको बघायला?" गाडी चालू करून ते कान लावून बसले. एक गिअर टाकला, झूं. दुसरा टाकला, झूं. प्रत्येक गिअरला झूं. "टाकी गेली," ते म्हणाले. लोट्यातला नायट्रोजन निसटला होता. टाकीत साठा उरत नाही, म्हणून पंप घटकेघटकेला धावतो, आणि त्याच्या प्रत्येक धावण्याला रिले चटका खातो. नुसता रिले घातला असता तर तो पुन्हा जळला असता. नवा पंप घातला असता तर तोही त्याच वाटेने गेला असता. त्यांनी आधी दाब उतरवला ("नाहीतर तेल तोंडावर येतं, साहेब"), लोटा बदलला, नवा रिले बसवला, हॉर्नला त्याची वाचा परत केली आणि संगणक जोडून गिअरबॉक्सची क्लचशी नव्याने ओळख करून दिली. बिल आलं ते सेवा केंद्राच्या आकड्यातला एक अंक गाळून.

आता दुपारचे थेंब पुन्हा वेळेवर पडतात, आणि तेही डोळ्यांत. मी मात्र मेस्त्रींचं तंत्र घरीही वापरतो. ओट्यावरच्या भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा वरचेवर यायला लागला, की पंपाला दोष द्यायचा नाही. मुकाट्याने उठायचं आणि टाकी कुठे रिकामी झाली आहे ते बघायचं. बहुतेक वेळा एक कप चहा करून हातात दिला की भागतं. असेंब्ली बदलायची भाषा मी तरी अजून केलेली नाही, आणि तिनेही केलेली नाही, हे तिचे उपकार!