काळ्या बिअरमधली मिरची

मिरची घातलेली बिअर म्हटलं की डोळ्यांसमोर पैज येते. एकजण ग्लास पुढे करतो, दुसऱ्याच्या डोळ्यांतून पाणी येतं आणि बाकीचे हसतात. मीही तीच तयारी ठेवून गेलो होतो. पण सॅन डिएगोला त्या ग्लासातून जे आलं, ते आईच्या मसाल्याच्या डब्याच्या जास्त जवळचं निघालं.

कंपनीच्या कामासाठी डिसेंबरात तीन आठवडे मी तिथे होतो. कॅलिफोर्नियाच्या अगदी दक्षिणेला असलेलं हे शहर छोट्या ब्रुअरींसाठी प्रसिद्ध आहे. शहरातून ब्लू लाइनची ट्राम पकडली की शेवटचं स्टेशन सॅन इसिद्रो. तिथे उतरून चालत सीमा ओलांडली की मेक्सिकोतलं तिहुआना. आमच्या टीममधली एक सहकारी तिहुआनाची. ती पहाटे रांगेत उभी राहून ऑफिसला येते आणि संध्याकाळी परत घरी जाते. बेळगाव कुठे आहे हे तिला माहीत असण्याचं कारण नव्हतं. पण माझं घर मराठी, बाजार कन्नड आणि ऑफिस इंग्रजी, एवढं सांगितल्यावर ती हसली. तिला नकाशा दाखवावा लागला नाही.

तीच मला लिबर्टी स्टेशन भागात घेऊन गेली. १९२३ ते १९९७ या काळात इथे अमेरिकन नौदलाचं प्रशिक्षण केंद्र होतं. कमानींच्या त्या जुन्या इमारतींत आता दुकानं आणि हॉटेलं आहेत. त्यातल्याच एका जागेत २०१३ पासून स्टोन ब्रुइंगचं रेस्टॉरंट आहे. तिथे आम्ही ‘शोकोवेझा’ मागवली.

या बिअरची गोष्ट मला आवडली. २०१४ साली स्टोनने घरच्या घरी बिअर बनवणाऱ्या हौशी लोकांची स्पर्धा घेतली. ती ख्रिस बँकर यांनी जिंकली, ती याच बिअरमुळे. कल्पना मेक्सिकोच्या गरम चॉकलेटवरून घेतलेली. मग ती मोठ्या प्रमाणावर बनवताना तिहुआनाच्या ‘इन्सुर्खेंते’ ब्रुअरीलाही सोबत घेतलं. म्हणजे सीमेच्या दोन्ही बाजूंनी मिळून केलेली बिअर. नावातही तसंच आहे: ‘शोकोलात्ल’ हा नाहुआत्ल या तिथल्या जुन्या भाषेतला शब्द आणि ‘सेर्वेसा’ म्हणजे स्पॅनिशमध्ये बिअर.

ग्लास छोटा. रंग कोऱ्या कॉफीसारखा काळा, वर तपकिरी फेस. नाकाशी नेल्यावर आधी कॉफी, मग दालचिनी, मग जायफळ. क्षणभर वाटलं, शेजारच्या टेबलावर कुणी पुरणपोळी वाढली की काय! पहिल्या घोटात कडवट कोको आणि मागून दुधाळ गोडवा. यात दुधातली साखर घालतात. बिअरच्या यीस्टला ती खाता येत नाही, त्यामुळे तिचा गोडवा शेवटपर्यंत टिकतो. करपवून केलेल्या बार्लीबरोबर तो गोडवा आला की आपला कुंदा आठवतो, हे फक्त बेळगावकरालाच पटेल.

आणि मिरची? ती घोट गिळल्यावर येते. आधी मनुकांसारखा वास, मग घशात हलकी ऊब. ठसका नाही, डोळ्यांत पाणी नाही. मिरचीचा तिखटपणा पाण्यात फारसा उतरत नाही, अल्कोहोलमध्ये मात्र चांगला उतरतो. म्हणून बनवणाऱ्याला हात आखडता ठेवावा लागतो. बिअर ८.१ टक्क्यांची, म्हणजे घाईने प्यायची नव्हेच. जसजसा ग्लास कोमट होत गेला, तसतसे वास मोकळे होत गेले. एका ग्लासावर आम्ही तासभर बसलो.

गप्पांत तिने आजीचं चॉकलेट सांगितलं. ते घुसळायला लाकडी ‘मोलिनियो’ असतो, दोन्ही तळहातांत धरून फिरवायचा. मी फोनवर आमच्या ताकाच्या रवीचा फोटो दाखवला. मग विषय निघाला सीमेचा. १८४८ पर्यंत सॅन डिएगो मेक्सिकोतच होतं. युद्धानंतर रेष सरकली, माणसं होती तिथेच राहिली. तिकडे एक बोलणं आहे: आम्ही सीमा ओलांडली नाही, सीमाच आम्हाला ओलांडून गेली. १९५६ नंतरचं बेळगाव मी आजोबांकडून ऐकत वाढलो, पण ते इतक्या थोडक्यात कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही दोघेही थोडा वेळ गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी तिने मला एका मेक्सिकन किराणा दुकानात नेलं. बिअरमधली ती मिरची म्हणजे ‘पासिया’. हे नाव मनुकेवरून पडलेलं. लांब, काळपट, सुरकुतलेली, तिखट कमी आणि वास जास्त. पाकीट उघडताच मला हावेरीची ब्याडगी आठवली. आपल्याकडे नाही का, तिखटपणासाठी संकेश्वरी आणि रंगासाठी ब्याडगी असा हिशोब असतो; तसंच त्यांच्याकडेही प्रत्येक मिरचीचं काम ठरलेलं. नवल वाटायला नको. मिरची मुळात तिकडचीच. सोळाव्या शतकात पोर्तुगीज गोव्यात आले, त्यानंतर ती आपल्याकडे पोचली. त्याआधी आपल्या रश्श्यात तिखटाला मिरीच होती. पुढे कन्नड मुलखात पिकलेली मिरची मराठी घरातल्या मसाल्यात पडली, आणि तिला कुणी कधी गाव विचारून परत पाठवलं नाही.

पासियाचं एक पाकीट घरी आणलं. बिअरचं वर्णन बाबांनी मन लावून ऐकलं. आईने पाकिटातली एक मिरची मोडली, वास घेतला आणि म्हणाली, “ही तर आपली ब्याडगीच. जरा जास्त दिवस उन्हात राहिलेली.” त्या रविवारी वांग्याच्या रश्श्यात तिने दोन पासिया वाटून घातल्या. रस्सा नेहमीपेक्षा काळा झाला. बाबांनी दोनदा वाढून घेतला.