मोहाचे गुलगुले

राजुऱ्यात पाहुणा आला की त्याला बाहेर काय खाऊ घालायचं, हा प्रश्न मला दरवेळी पडतो. आलूबोंडा आहे, तर्रीपोहे आहेत, गरम जिलबी आहे. पण हे सगळं वर्धा नदीच्या पलीकडे बल्लारपुरातही आहे आणि पुढे चंद्रपुरातही. काचेच्या कपाटातल्या पेढ्याची चव तर आता देशभर एकच झाली. ज्या गोडासाठी आमच्या भागाचं नाव घ्यावं, ते त्या कपाटात कधी बसलंच नाही. ते घरच्या टोपलीत राहिलं.

माझं बालपण माणिकगडच्या डोंगराच्या पायथ्याला गेलं. होळीच्या मागेपुढे मोह गळायला लागायचा. फुलं रात्रभर पिकतात आणि पहाटे आपोआप खाली येतात, म्हणून आजी आम्हाला अंधारातच उठवायची. एकदा मी उतावीळपणे फांदी ओढली, तर ती म्हणाली, "कायले ओढते वो पोरी, त्याले पडायचं तेव्हा तो पडते." कोणत्या झाडाखाली कोणी वेचायचं हे गावात ठरलेलं असे. कागदावर कुठेच लिहिलेलं नव्हतं, पण दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कोणी उचलत नसे. ताजं फूल बोटात धरलं की मऊ, रसानं फुगलेलं, फिकट पिवळसर. ऊन चढलं की तेच तांबूस होऊन सुरकुततं. अंगणात चांगलं वाळवलं की कोठीत जायचं आणि पावसाळ्यात ओल धरू नये म्हणून मधूनमधून बाहेर निघायचं.

गुलगुल्यांची खरी मेहनत तळण्यात नाही, निवडण्यात आहे. वाळलेल्या फुलात आत केसर असतात, ते नीट काढले नाहीत तर घशाशी खवखवतं. आजी फुलं काठीनं हलकी बडवायची, सुपात पाखडायची आणि तरीही एकेक फूल हातात घेऊन बघायची. मग दोन-तीन पाण्यांनी धुवून मंद आचेवर शिजवायची. शिजताना पहिल्यांदा जो वास येतो तो उग्र असतो, आणि सवय नसलेला माणूस इथेच नाक मुरडतो. जरा दम धरला की तो वास बदलतो, शिजलेल्या मनुकांकडे झुकतो. फुलं कुस्करून, गाळून जो दाट काळपट रस निघायचा, त्यात मावेल तेवढी कणीक, चिमूटभर मीठ, मूठभर तीळ. साखर नाही, गूळ नाही. पीठ तासभर झाकून ठेवायचं आणि ओल्या बोटांनी तेलात सोडायचं. आजीच्या आठवणीतलं तेल टोळीचं, म्हणजे मोहाच्याच बियांचं. गुलगुला बाहेरून जवळजवळ काळा होतो. गोरागोमटा निघाला तर समजावं, रसात कंजुषी झाली.

आमच्या घरात एक रीत होती, तिचा अर्थ मला फार उशिरा लागला. पाहुणे आले की गुळाचे गुलगुले, घरचेच असले की मोहाचे. गूळ बाजारातून पैसे देऊन आणायचा, मोह जंगलातून फुकट यायचा. आणि फुकटची वस्तू पाहुण्यापुढे ठेवायची कशी? जुन्या दुष्काळांत, 1897 च्या काय किंवा 1900 च्या काय, मध्य प्रांतातल्या जंगलपट्ट्यात कितीतरी लोकांनी मोहफुलांवर दिवस काढले. जी वस्तू उपाशी माणसाला जगवते, तिला सणाच्या ताटात जागा मिळायला वेळ लागतो. शेजारच्या गोंड घरांत मात्र हा संकोच नव्हता. तिथे मोह मानाचाच होता.

शाळेत तर वेगळीच तऱ्हा. डब्यात गुलगुले दिसले की पोरं ओरडायची, "दारू आणली, दारू आणली!" पोरांना दोष काय द्यायचा, कायद्याचाही सूर तोच होता. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यानं दारूबरोबर मोहफुलांवरही बंधनं घातली होती. द्राक्षापासूनही दारू होते, पण द्राक्षाची पेटी नेणाऱ्याकडे कोणी संशयानं बघत नाही. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरात ती 1 एप्रिल 2015 ला आली आणि 2021 मध्ये उठली. बायकांनी त्या बंदीसाठी केलेली आंदोलनं मी जवळून पाहिली आहेत. त्यांच्या संसाराची दारूनं केलेली दशाही पाहिली आहे, त्यामुळे बंदीची टिंगल माझ्या तोंडून होणार नाही. पण त्या वर्षांत घरात फुलं वाळत घालतानाही माणसं जरा आतल्या बाजूला घालू लागली, हेही खरं.

राजुऱ्याचं ताट तसं एका राज्याचं नव्हेच. हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानातला, आदिलाबाद जिल्ह्यातला. 1956 च्या फेररचनेत तो नांदेडला जोडला गेला आणि 1959 मध्ये चांद्यात, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यात आला. म्हणून आमच्या गल्लीत संक्रांतीला तिळगुळाबरोबर तेलुगू शेजारणीकडून सकिनालु यायचे, तांदळाच्या पिठात तीळ घालून बोटांनी वळलेली ती कडी. दिवाळीला आमचे अनारसे तिकडे जायचे, त्यांचे अरिसेलु इकडे यायचे. त्यात खसखस नसते, बाकी नात्यातलंच प्रकरण. मोहाचे गुलगुले या देवाणघेवाणीत कधी नव्हते. पुन्हा तोच संकोच.

तो मोडला माझ्या भाच्यानं, आणि तोही थेट ग्रीसमधून. पोरगा मालवाहू जहाजावर आहे. पिरेयस बंदरात उतरला की जे दिसेल ते खातो आणि मला फोनवर दाखवतो. एकदा म्हणाला, "मावशी, हे बघ, गुलगुले!" तिथे त्यांना लुकुमादेस म्हणतात. आंबवलेल्या पिठाचे गोळे तळून काढायचे आणि गरम असतानाच वरून मध, दालचिनीची पूड, कुठे अक्रोडाचा चुरा. तीळ आणि मधाची वडी आहे, पास्तेली नावाची, ती तर आपली चिक्कीच. लेंटच्या उपासात ते रव्याचा हलवा करतात, तुपाऐवजी तेलातला. आणि रोजच्या जेवणात रानातला पाला उकडून वर ऑलिव्हचं तेल आणि लिंबू. आपण तरोट्याच्या भाजीला लसणाची फोडणी देतो, ते लिंबू पिळतात. त्याला सगळ्यात नवल वाटलं ते याचं, की लुकुमादेस खायला तिथे सुटाबुटातली माणसं रांगेत उभी राहतात आणि पाहुण्यांना मुद्दाम नेऊन खिलवतात. चव विचारली तर म्हणाला, गोड फक्त वरून आहे. आपल्यात ते आतून असतं. माझ्या मते हा निकाल बरोबर आहे, पण मीही पक्षपातीच.

आता मोहाचे लाडू निघालेत, बचतगटाच्या बायका प्रदर्शनात छान डब्यांतून विकतात. त्यांच्या हाती पैसा येतोय, चांगलंच आहे. त्या डब्यामागचं काम मात्र पूर्वीपेक्षा अवघड झालंय. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, त्यातून वणवे लागतात. पहाटे खाली वाकून वेचणाऱ्या बाईला मागचा वाघ दिसत नाही. आरटी-1 नावाच्या वाघानं राजुऱ्याच्या जंगलात माणसं मारली, तो 2020 च्या ऑक्टोबरात पिंजऱ्यात सापडला. तोवर या भागातली माणसं दिवसाढवळ्याही रानात जायला भीत होती. लाडू महाग वाटला तर हे आठवावं.

2021 मध्ये सरकारनं मोहफुलं गोळा करण्यावरची, साठवण्यावरची आणि नेण्यावरची बंधनं काढली. पुढच्या हंगामात मी नागपूरला बहिणीकडे निघाले, तेव्हा फुलांची पिशवी सीटखाली न ढकलता मांडीवर घेऊन एसटीत बसले. वासानं कंडक्टर थांबला. "काकू, मोह?" म्हटलं, हो, गुलगुल्यांना. मी पुढच्या बोलण्याची तयारी करून बसले होते. तो तिकीट फाडत म्हणाला, "तीळ घालता का बडीशेप?" म्हटलं, तीळ. त्यावर त्यानं मान हलवली आणि बडीशेपच कशी पाहिजे, हे शेजारच्या सीटवरची गडचांदूरची बाई आणि तो, दोघं मिळून मला बल्लारपूर येईपर्यंत पटवत राहिले. मला काही पटलं नाही.