बातमीत गाणे नव्हते

अम्मीच्या लोखंडी ट्रंकेत निकाहनामा, जुने रेशनकार्ड आणि अब्बांच्या दवाखान्याचे कागद आहेत. त्यांच्याच सोबत आमच्या एका बातमीचे कात्रण आहे. चार कॉलमची बातमी, वर रंगीत फोटो. फोटोत आम्ही चौघे. बातमी अठ्ठावीस ओळींची आहे, आम्ही मोजल्या आहेत. तिच्यात आमच्या टोप्या आहेत, आमचा मोहल्ला आहे, विठ्ठल आहे, 'सलोखा' हा शब्द तीन वेळा आहे. गाणे मात्र कुठेच नाही. चाल कोणाची, पेटीवर कोण, ढोलकी कोणी वाजवली, याबद्दल अक्षर नाही.

आणि ही बातमी मिळवायला आम्हाला सात वर्षे लागली होती.

आम्ही मिरजेचे. दोघे सख्खे भाऊ, एक मामेभाऊ आणि चौथा शेजारचा दोस्त, तोही भावासारखाच. एक उर्दू शाळेत मास्तर, एक मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात, एक गाद्या भरतो आणि थोरला अब्बांच्या मागोमाग तंतुवाद्याच्या कामात गेलेला. 2002 साली आम्ही एकत्र गाऊ लागलो. स्वतः लिहायचे, स्वतः चाल बांधायची. भाषा आमच्या घरातली. चार शब्द मराठी, दोन दखनी. कव्वालीची टाळी आणि पोवाड्याचा जोर यांच्या मधले कुठले तरी ते गाणे होते. त्याला नाव काय द्यावे, हे आम्हालाच कळत नव्हते. मग पेपरवाल्यांना कुठून कळणार?

मिरजेत गाण्याला काय कमी? ज्यांचे हात तलवारींना धार लावायचे त्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात सतारी घडवायला घेतल्या. फरीदसाहेबांचे नाव त्यात पहिले घेतले जाते. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ इथे राहिले आणि 1937 साली वारल्यावर ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्याच्या आवारातच दफन झाले. त्यांच्या स्मरणार्थ उरुसात आजही मोठे मोठे गवई हजेरी लावतात. पण मोठ्या झाडाखाली लहान झाडाला ऊन मिळत नाही, तशी आमची गत होती. दर्ग्यातल्या मैफलीची बातमी येई. मोहल्ल्याच्या चौकात गाणाऱ्या चार पोरांची कशाला येईल?

अब्बांना हा सगळा खटाटोप पसंत नव्हता. त्यांची उमर तुंबे कोरण्यात गेली. पंढरपूर, मंगळवेढ्याकडून आलेला कडू भोपळा हातात घेऊन, बोटाने टिचकी मारून ते सांगत, यातून सतार होईल की तानपुरा. त्यांनी घडवलेले साज पुण्याला गेले, कोलकात्याला गेले. त्यावर दुकानाचे लेबल असे, अब्बांचे नाव कधीच नसे. ते म्हणत, "साज बोलता है ना बेटे, फिर अपन कायकू बोलना?" आम्ही गप्प बसत असू. पण मनात येई, साजालासुद्धा दुकानाची पाटी लागतेच की. पाटीशिवाय गिऱ्हाईक दार कसे शोधणार?

2006 साली आम्ही पैसे साठवून, थोडे उसने घेऊन, सांगलीच्या एका स्टुडिओत आठ गाणी रेकॉर्ड केली आणि पाचशे सीड्या काढल्या. कंपनी नव्हती, वितरक नव्हता. पन्नासेक सीड्या नातेवाइकांना वाटल्या, बाकीच्या पलंगाखाली गेल्या. मग आम्ही वर्तमानपत्रांना पत्रे लिहिली. "आम्ही चौघे होतकरू कलाकार असून आपण आमच्या कलेस प्रसिद्धी द्यावी ही नम्र विनंती." अशी वीस पत्रे गेली. एकाचेही उत्तर आले नाही. एका कार्यालयात प्रत्यक्ष गेलो, तेव्हा टेबलामागच्या गृहस्थांनी मान वर न करता विचारले, "जाहिरात किती सेंटिमीटरची देणार?"

त्या दिवशी फार वाईट वाटले. मात्र रागाच्या भरात सगळ्याच पत्रकारांना एका तराजूत तोलण्याची चूक आम्ही केली नाही, याचे श्रेय मोहल्ल्यातल्या एका चाचांना आहे. छापखान्यात खिळे जुळवण्यापासून मुद्रितशोधनापर्यंत त्यांनी सगळे केले होते. आमचे पत्र वाचून ते हसले. म्हणाले, "ये खबर नहीं, अर्जी है. अर्जी तहसीलदारकू देते." मग ओट्यावर बसवून त्यांनी आम्हाला जे शिकवले, ते एखाद्या उस्तादाने सरगम शिकवावी तसे होते.

पहिल्या दोन ओळींत कोण, काय, कुठे, केव्हा हे आले पाहिजे. जागा कमी पडली की उपसंपादक बातमी खालून कापतो, म्हणून महत्त्वाचे वर लिहायचे. 'सुमधुर', 'अविस्मरणीय' असले शब्द आपण आपल्यासाठी वापरायचे नाहीत. एक पान पुरे. फोटोमागे डावीकडून नावे, नाहीतर ढोलकीवाल्याच्या नावाखाली पेटीवाला छापला जातो. संध्याकाळी पाने लागत असताना फोन करायचा नाही. पुरवणीची पाने आधीच तयार होतात, तेव्हा तिचा मजकूर आठवडाभर अगोदर पोचवायचा. तालुक्याच्या वार्ताहराला मानधन तुटपुंजे असते आणि जाहिराती गोळा करायचे कामही त्याच्याच गळ्यात असते. त्याच्याशी माणसासारखे वागायचे. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट: "तुम गाते, ये खबर नहीं. आज क्या नया हुआ, वो खबर."

त्यानंतर 'आजचे कार्यक्रम' या सदरात आमची एक ओळ येऊ लागली. एक ओळच, पण फुकट आणि खरी. त्या ओळीमुळे एकदा कवठेमहांकाळहून दोन माणसे एसटीने आली होती! आकाशवाणीच्या सांगली केंद्रावर स्वरचाचणीही दिली. पहिल्या वेळी नापास, दुसऱ्या वेळी बी ग्रेड. आमच्या पेटीवाल्याला तेव्हा कोणीतरी सांगितले की, 1940 साली रेडिओने पेटीवरच बंदी घातली होती आणि ती तीस वर्षे टिकली. तो म्हणाला, "म्हणजे माझ्या पेटीने माझ्यापेक्षा जास्त वाट पाहिली म्हणायची." रेडिओवर गाणे लागले त्या दिवशी अब्बा काम थांबवून ऐकत बसले. बोलले काहीच नाहीत. पण दुसऱ्या दिवशी कारखान्यात त्यांनी पेढे वाटल्याचे आम्हाला नंतर कळले.

मग 2009 ची आषाढी आली. आमच्या आठ गाण्यांत एक गाणे वारीवर होते. ते भक्तिगीत नव्हते. तुंब्याचा भोपळा आणि वारकरी एकाच वाटेचे प्रवासी, एवढीच त्यातली कल्पना. एका वार्ताहराने ते ऐकले आणि फोटोग्राफर घेऊन आला. म्हणाला, "टोप्या घाला." आमच्यातला मास्तर एरवी टोपी घालत नाही. त्यानेही घातली. वीस मिनिटांत काम आटोपले. चालीबद्दल त्याने विचारले नाही, आम्हीही सांगितले नाही. खरे सांगायचे तर, चार कॉलमच्या मोहात आम्ही भान विसरलो होतो.

बातमी आली आणि फोन वाजू लागले. अभिनंदनाचे, तसेच दुसऱ्या तऱ्हेचेही. जुम्म्याच्या नमाजनंतर एका बुजुर्गांनी विचारले, "अब क्या भजन गाते फिरेंगे?" मामांनी दोन महिने बोलणे टाकले. ज्यांना गाणेच नामंजूर, त्यांचे एक वेळ समजू शकतो. पण आमच्या गाण्यात काय आहे, हे या बाजूने कोणी ऐकले नाही आणि त्या बाजूनेही नाही. एकीकडे आम्ही बिघडलेले मुसलमान होतो, दुसरीकडे नमुन्यादाखल ठेवायचे चांगले मुसलमान. गवई कोणाच्याच लेखी नव्हतो.

दोनच महिन्यांनी, सप्टेंबर 2009 मध्ये, गणेशोत्सवाच्या दिवसांत मिरजेत दंगल उसळली. संचारबंदी लागली. दुधासाठी गल्लीच्या तोंडाशी जायची भीती वाटत होती. त्या दिवसांत एका वाहिनीवरून फोन आला. "तुम्हीच ते सलोखावाले ना? ओस रस्त्यावर उभे राहून चार ओळी गाता का? देशभर दिसाल." देशभर! सात वर्षे आम्ही ज्याची वाट पाहत होतो ते दारात येऊन उभे होते. रात्रभर आम्ही वाद घातला. एक म्हणत होता, गाऊ या, कदाचित कोणाचे तरी मन निवळेल. दुसरा म्हणत होता, ज्यांची दुकाने जळाली त्यांच्या दारासमोर उभे राहून आपण आपली ओळख करून घ्यायची काय? शेवटी नाही म्हणून सांगितले. तो निर्णय बरोबर होता, असे आजही छातीठोकपणे सांगवत नाही. शाहीर अमर शेख गात तेव्हा त्यांच्यामागे अवघी संयुक्त महाराष्ट्राची चळवळ उभी होती. लोक आधीच जमलेले असत आणि त्या लोकांना शाहीर हवा असे. आमच्यामागे कोण होते? कॅमेऱ्याला आमचा आवाज नको होता, त्या रस्त्यावर आमच्या टोप्या हव्या होत्या. एवढे मात्र आम्हाला त्या रात्री कळले.

पुढे काळ बदलला. पेपर, रेडिओ यांच्याशिवायही लोकांपर्यंत जाता येऊ लागले. आम्ही यूट्यूबवर गाणी टाकली. टिकटॉकवर भाच्याने आमचा एक तुकडा टाकला, तो लग्नाच्या वरातीपर्यंत पोचला. जून 2020 मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि एका रात्रीत तो सगळा पसारा नाहीसा झाला. तेव्हा उमगले की पराया ओटा कितीही मोठा असला तरी परायाच. त्यानंतर जो कोणी गाणे आवडल्याचे कळवतो, त्याचे नाव आणि नंबर आम्ही वहीत उतरवून घेतो. आज त्या वहीत सहाशेच्या वर नावे आहेत. कार्यक्रम ठरला की आधी त्यांना कळते, मग जगाला.

अब्बा 2021 साली गेले. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. गावात पत्रकारांची ये-जा सुरू झाली. छापखान्यातले चाचाही आता हयात नाहीत, पण त्यांचे वाक्य आठवले: आज नया क्या हुआ? आम्ही वारीचे तेच जुने गाणे नव्याने रेकॉर्ड केले. मागे अब्बांच्या हातचा तानपुरा ठेवला आणि एक पानाचे पत्रक लिहिले. पहिल्या ओळीत गाणे. दुसऱ्या ओळीत, या गाण्यातला तानपुरा कोणी घडवला ते नाव. गायकांची नावे तिसऱ्या ओळीत. फोटोसाठी टोप्या घालण्याची सूचना या वेळीही आली. आम्ही अदबीने म्हणालो, "ज्याने ज्या वेशात गायले, त्याच वेशात फोटो काढा." पत्रकार मुलगी हुशार होती. ती दिवसभर थांबली, तुंबा कसा वाळवतात ते तिने पाहिले आणि ठेका कुठला म्हणून विचारले.

बातमी आतल्या पानावर आली. दोनच कॉलम. तिच्यात 'सलोखा' हा शब्द नव्हता, ठेक्याचे नाव होते आणि अब्बांचे पूर्ण नाव होते. ढोलकीवाल्याचे नाव तेवढे पुन्हा चुकले!

अम्मीला मराठी वाचता येत नाही, तिला उर्दू येते. आम्ही तिला वाचून दाखवले. अब्बांच्या नावाशी आलो तेव्हा तिने हात वर करून थांबवले. म्हणाली, "किधर लिखे? उंगली रख." आम्ही बोट ठेवले. तिने त्या अक्षरांवरून आपले बोट फिरवले, कात्रण घडी घालून ट्रंकेत ठेवले आणि चहा टाकायला आत गेली.