गिरगिटाचा फोटो

आपल्या मोहल्ल्यांत सरडा म्हणजे दुश्मन. कंधारच्या किल्ल्याबाहेर बाभळीच्या बुंध्यावरच्या एका नरावर कॅमेरा रोखून मी बसलो होतो, तर मागून एका पोराचा आवाज आला, ‘‘फोटू कायकू निकालरे चाचा? मारो उसको. सवाब मिलता.’’ हातात दगड तयारच.

हजरत इब्राहीम अलैहिस्सलाम यांना नमरूदने आगीत टाकलं तेव्हा याने आग फुंकली, हे त्याने दादीकडून ऐकलेलं. बुखारी शरीफमधल्या हदीसमध्ये ही गोष्ट आहे, हे खरं. पण तिथला अरबी शब्द ‘वजग’ आहे आणि वजग म्हणजे पाल. झाडावर मान हलवणारा आपला सरडा त्यात कुठून आला? त्याच बुखारीत आणखी एका पैगंबरांची हकीकत आहे. एक मुंगी चावली म्हणून त्यांनी मुंग्यांचं वारूळच जाळलं, तेव्हा अल्लाहने त्यांना जाब विचारला. ही हदीस पोरांना कुणी सांगत नाही.

मी त्या पोराला कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो मोठा करून दाखवला. नराचं डोकं आणि खांदे लालभडक होते. ‘‘खून पिया,’’ तो म्हणाला. रक्तबिक्त काही नाही. विणीच्या दिवसांत नर असा रंगतो. मान हलवतो ती मादीसाठी, नाहीतर दुसऱ्या नराला दम द्यायला. पोट भरतो ते किडे, नाकतोडे खाऊन.

आमच्या नांदेड-लातूरकडे मे महिन्यात फोटोला सकाळचे दोन तासच मिळतात. मग तोही सावलीत शिरतो, मीही. सरळ चालत गेलात की तो बुंध्यापलीकडे सरकतो; तुम्ही फिराल तसा तोही फिरतो. तिरकं, गुडघ्यांवर जावं लागतं, आपली सावली त्याच्यावर पडू न देता.

साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर गळ्याखाली रंगीत पंखा फुलवणारे सरडे आहेत. २०१६ साली संशोधकांनी त्यांना नवी जात ठरवलं आणि प्रजातीचं शास्त्रीय नाव आपल्याच मराठी शब्दावरून ठेवलं : ‘सरडा’. आपण मात्र त्याचं नाव फक्त रंग बदलणाऱ्या पुढाऱ्यांसाठी राखून ठेवलंय.

लातूरला एका बुजुर्ग मामूंना माझे फोटो दाखवले. ‘‘जानदार का फोटू निकालनाच ठीक नई मियां,’’ ते म्हणाले. त्यावर उलेमांतच मतभेद आहेत. मी वाद घातला नाही. मग त्यांनी चष्मा मागवला, फोटो खिडकीपाशी नेला आणि विचारलं, ‘‘दांत रहते क्या इसकू?’’

असतात. बारीक असतात.