ही शेवटची कधी चालली?

7 जानेवारी 2023, शनिवार. पहाटे साडेचारला मिस्तरी दारात उभे. डोक्याला मफलर, हातात पत्र्याची पेटी.

"मिस्तरी, पाचला निघायचं ठरलंय," मी म्हटलं.

"माणसांचं ठरलंय. गाडीला कोणी विचारलं का?"

त्यांनी बॉनेट उघडलं, डिपस्टिक ओढून फडक्याला पुसली, परत घातली, परत पाहिली. रेडिएटरमध्ये बोट घालून पाणी बघितलं. मग चोक ओढून सेल्फ मारला. पहिल्यांदा नुसती घरघर, दुसऱ्यांदा एक ठसका, तिसऱ्यांदा गाडी उठली. शेजारचं कुत्रंही उठलं. थंडीत सायलेन्सरमधून पांढरी वाफ निघू लागली आणि मिस्तरी पाठीमागे उभे राहून त्या वाफेवर हात शेकू लागले.

गाडी 1969 सालची, फियाट 1100. वालचंद हिराचंदांनी उभ्या केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, पुढची सीट सोफ्यासारखी सलग. गावात तिला अजूनही 'डुक्कर फियाट' म्हणतात. मिस्तरींना ते चालत नाही. "डुक्कर म्हणजे हिच्या आधीची, गोल पाठीची. ही डिलाइट," ते प्रत्येकाला न चुकता सांगतात.

आबांनी ती 1981 मध्ये सुरतेच्या एका व्यापाऱ्याकडून जुनी घेतली. आमच्या पोल्ट्रीच्या अंड्यांचे ट्रे मागच्या सीटवर रचून त्यांनी किती फेऱ्या मारल्या असतील, याचा हिशेब नाही. मग फेब्रुवारी 2006 उजाडला. देशात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो आमच्या नवापुरात. पांढऱ्या पोशाखातली माणसं आली, खड्डे खणले गेले, कोंबड्या गेल्या. शेडमध्ये चुन्याची पावडर पसरली. रिकाम्या शेडमध्ये आबांनी गाडी नेऊन उभी केली आणि ती तिथेच राहिली. घरात कोणी विषय काढला की म्हणायचे, "राहू दे. काय घेऊन जायचंय आता तिच्यातून?"

2017 मध्ये आबा गेल्यावर शेड पाडायची वेळ आली, तेव्हा मी मिस्तरींना बोलावलं. भंगारात किती येतील, हे विचारायला. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, टपावरची धूळ बोटाने पुसली आणि विचारलं, "ही शेवटची कधी चालली?"

"अकरा वर्षं झाली."

"मग भंगार नाही. झोपलीय."

इंजिन जाम झालं होतं. त्यांनी चारही प्लग काढून भोकांतून डिझेल ओतलं आणि आठवडाभर तसंच सोडलं. वायरिंग उंदरांनी खाल्लेलं, ब्रेकचे सिलिंडर गंजून चिकटलेले. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल येतं, त्याने जुनं रबर फुगतं, म्हणून पंपापासून कार्ब्युरेटरपर्यंतचे पाइप नवे टाकले. कागदांचं काम त्याहून अवघड निघालं. गाडीची नोंद धुळ्याची, आणि 1998 मध्ये नंदुरबार जिल्हाच वेगळा झालेला. चार महिने मी दोन्हीकडे खेटे घातले.

पुढे तिच्याचमुळे माणसं जोडली गेली. नंदुरबारच्या एका मास्तरांची अँबॅसडर, धुळ्याच्या एका शेतकऱ्याची महिंद्रा जीप, सुरतेच्या एका साडीवाल्यांची स्टँडर्ड हेराल्ड. याला आम्ही क्लब म्हणतो. नोंदणी नाही, वर्गणी नाही; कोणाची गाडी बंद पडली की बाकीच्यांनी फोन उचलायचा, एवढाच नियम. त्या शनिवार-रविवारी बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यात 21 गन सॅल्यूट कॉन्कूरचा दहावा मेळा भरणार होता. देशभरातल्या जुन्या मोटारी आणि परदेशातून आलेले परीक्षक. आम्ही काही स्पर्धक नव्हतो. बघे म्हणूनच निघालो, पण आपापल्या गाड्यांनी.

नवापूर सोडलं की दहा मिनिटांत गुजरात. आमच्याकडे हद्दीचं कौतुक नाही; स्टेशनचा फलाटच निम्मा इकडे, निम्मा तिकडे. उजाडता उजाडता सोनगडचा किल्ला दिसला. याच सोनगडला अठराव्या शतकात पिलाजीराव गायकवाडांनी आपलं ठाणं केलं आणि तिथून गायकवाडी बडोद्यापर्यंत पसरली. म्हणजे आम्ही गायकवाडांच्याच वाटेने निघालो होतो, फक्त घोड्यांऐवजी फियाटमधून. मिस्तरींना इतिहास सांगितला, तर त्यांनी विचारलं, "त्यांना किती दिवस लागले?"

व्याऱ्याला चहा, कामरेजला हेराल्ड येऊन मिळाली. हमरस्त्यावर आमचा वेग पन्नास-पंचावन्न. ट्रकवाले शेजारी येऊन हॉर्न वाजवायचे, क्लीनर खिडकीतून मोबाइल बाहेर काढायचे. भरूचला नर्मदेवरच्या पुलावरून पलीकडे 1881 चा गोल्डन ब्रिज दिसला. जीपवाल्यांनी हात दाखवला, आम्ही सगळे हळू झालो. जुन्याने जुन्याला केलेला रामराम.

दुपारी राजवाड्यात पोचलो. ही वास्तू 1890 मध्ये पुरी झाली, ती सयाजीराव महाराजांच्या काळात. महाराज मूळचे मालेगावजवळच्या कवळाण्याचे, शेतकऱ्याच्या घरचे. बारा वर्षांचे असताना दत्तक जाऊन बडोद्याचे राजे झालेले. म्हणून खानदेशातल्या माणसाला तिथे परकं वाटत नाही. पण हिरवळीवर पाय ठेवला आणि आम्ही गप्प झालो. रोल्स रॉइस, बेंटली, पॅकार्ड. दिवे परातीएवढे, क्रोमियम असं की भांग पाडून घ्यावा. कॉन्कूर हा फ्रेंच शब्द, अर्थ स्पर्धा. पण ही स्पर्धा वेगाची नव्हे, डौलाची. गाडी मूळ जशी होती तशी किती राखली आहे, रंग, कातडं, स्क्रू, हत्यारांची पिशवी, हे परीक्षक वाकून वाकून बघतात.

मिस्तरीही वाकले, पण गाडीच्या खाली.

"काय शोधताय?"

"तेल. एक थेंब नाही. एक तर इंजिन फार चांगलं, नाहीतर इंजिनात तेलच नाही."

जवळ उभा असलेला पोऱ्या हसला. मिस्तरींनी त्याला हिंदीत विचारलं, ही शेवटची कधी चालली? तो म्हणाला, ट्रेलरवरून आली, ट्रेलरवरून जाईल, मधे एवढं गवत. दुसऱ्या गाडीशी तोच प्रश्न, तिसरीशीही. काही मालक आपली गाडी दर रविवारी फिरवणारे निघाले. त्यांच्याशी मिस्तरींचं लगेच जमलं, भाषा अर्धीमुर्धी असूनही. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी त्यांच्यासाठी मुद्दाम इंजिन सुरू केलं. लांबलचक बॉनेटखालून एकसारखा, खोल आवाज येऊ लागला. मिस्तरींनी कानावरचा मफलर खाली ओढला आणि डोळे मिटले. दिवसभरात तेवढंच एक त्यांनी पाहिलं, असं मला वाटलं, आणि तेही डोळे मिटून.

रात्री मुक्काम दांडिया बाजारात, मास्तरांच्या मावशींकडे. पिठलं-भाकरी झाल्यावर गच्चीवर बसलो. हेराल्डवाले मागे एकदा इंग्लंडमध्ये मुलाकडे गेले असताना गुडवुडचा रिव्हायव्हल पाहून आले होते. ते सांगू लागले. महायुद्धातला विमानतळ, त्याच्या कडेच्या रस्त्यावर 1948 पासून मोटारींच्या शर्यती. 1966 मध्ये त्या थांबल्या. 1998 मध्ये पुन्हा सुरू केल्या, पण फक्त त्या काळच्या गाड्यांच्या. बघायला येणारेही त्याच काळातले कपडे घालून येतात, आत नवी मोटार दिसत नाही.

"आणि शर्यत खरी?" मिस्तरींनी विचारलं.

"एकदम खरी. कोट्यवधींच्या गाड्या एकमेकींना घासतात, ठोकतात."

"मग पत्रा कोण काढतं?"

"काढतात कोणीतरी. पुढच्या वर्षी तीच गाडी परत पळते."

मिस्तरी बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "ते लोक शहाणे आहेत."

मी त्यांना मद्रासजवळच्या शोलावरमचं सांगितलं. तीही युद्धातली धावपट्टी, आणि तिथे आपल्या या फियाटीसुद्धा शर्यतीत पळायच्या. मिस्तरींनी खाली वाकून गल्लीत उभ्या असलेल्या आमच्या गाडीकडे असं पाहिलं, जणू तिने ही गोष्ट त्यांच्यापासून इतकी वर्षं लपवली होती.

मग विषय निघाला व्हीए नंबरचा. 2021 मध्ये सरकारने नियम केला आहे. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेल्या आणि मूळ रूपात असलेल्या गाडीला 'विंटेज' म्हणून वेगळी नोंद मिळते, नंबरात व्हीए ही अक्षरं येतात. नोंदणीला 20,000 रुपये, दहा वर्षांनी नूतनीकरणाला 5,000. मास्तरांचा अर्ज तयार होता. गाडीला मान मिळतो, पाच-पाच वर्षांनी जीव टांगणीला लागत नाही, हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण अट अशी की गाडी नेहमीच्या वापराला रस्त्यावर काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यासाठीच.

"म्हणजे बाजारात न्यायची नाही?" मी.

"कशाला न्यायची? तुमच्याकडे दुसरी गाडी आहे ना?"

आहे. तरी मला उत्तर सुचलं नाही. गच्चीवरून खाली गाड्या दिसत होत्या. चौघींच्याही टपांवर दव पडलं होतं.

रविवारी दुपारी परत निघालो. नर्मदा ओलांडली, अंकलेश्वरच्या आसपास गाडी गचके देऊ लागली आणि बंद पडली. मागून ट्रक घोंघावत जात होते. जीप मागे उभी राहिली, अँबॅसडर पुढे, नियमाप्रमाणे. मिस्तरींनी डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं, बोट फिरवलं आणि म्हणाले, "पॉइंट." सीबी पॉइंटची फायबरची टाच झिजून दोन टोकांमधली फट मिटली होती. ठिणगीच पडेना. फट परत लावायची म्हणजे फिलर गेज हवा, अर्ध्या मिलिमीटरच्या आत मोजणारा. पेटी उलथीपालथी केली. गेज नवापूरला राहिला होता.

साऱ्या प्रवासात प्रथमच मिस्तरींचा चेहरा पडला. माणसांनी गाडीला विचारलं नव्हतं, पण या वेळी ते स्वतःही पेटीला विचारायला विसरले होते.

मग त्यांची नजर माझ्या खिशाकडे गेली. तिथून राजवाड्याचा प्रवेशपास डोकावत होता. गुळगुळीत, जाड कागदाचा. त्यांनी तो मागून घेतला, कोपरा फाडला, बोटांत चोळून जाडी अजमावली, एक घडी घातली. घडी पॉइंटमध्ये सरकवून स्क्रू आवळला, कागद ओढून पाहिला. थोडा अडकत, थोडा सुटत बाहेर आला. "मार सेल्फ."

गाडी उठली.

एक ट्रकवाला थांबला होता, त्याने टाळी वाजवली. हेराल्डवाले म्हणाले, "मिस्तरी, परीक्षक इथे असायला हवे होते." मिस्तरी हात पुसत म्हणाले, "त्यांचाच कागद आहे."

व्याऱ्यापर्यंत अंधार पडला. सोनगडनंतर रस्त्यावर आमचेच पिवळे दिवे. मिस्तरी शेजारी झोपले होते, पण इंजिनाचा आवाज जरा बदलला की एक डोळा उघडायचे. साडेनऊला नवापूर.

त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस मुंबईत शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली आणि आमच्या फियाटीच्या धाकट्या बहिणी टॅक्सीच्या धंद्यातून गेल्या. मिस्तरींना पेपर वाचून दाखवला. त्यांनी फोटो बघितला आणि काही न बोलता परत दिला. मास्तरांना व्हीए नंबर मिळाला. अँबॅसडर आता छान पांघरूण घालून उभी असते. माझ्या अर्जाचा कागद अजून कोराच आहे. डॅशबोर्डच्या खणात तो पडलाय, आणि त्यावर पासाचा तो काळा पडलेला तुकडा. गेज पेटीत परत आला तरी मिस्तरींनी तुकडा टाकू दिला नाही.

परवा ते घरावरून जात होते. फाटकातून आत डोकावले, टपावर बोट फिरवलं, बोट बघितलं.

"शेवटची कधी काढली?"

"बारा-पंधरा दिवस झाले असतील."

त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी चप्पल घातली आणि किल्ली आणायला आत गेलो. घरात अंडी संपलीच होती.