काटा खोटं बोलतो तेव्हा

गाडीच्या डॅशबोर्डवर स्पीडोमीटरच्या शेजारी एक छोटासा काटा असतो. एका टोकाला सी, दुसऱ्या टोकाला एच आणि एचजवळ लाल पट्टा. स्पीडोमीटरकडे सगळे बघतात, डिझेलच्या काट्याकडे तर खिशावर हात ठेवून बघतात. पण या बिचाऱ्याकडे लक्ष जातं ते थेट बॉनेटमधून वाफ यायला लागली की!

आपली समजूत अशी की हा काटा इंजिनचं तापमान दाखवतो. खरं तर तो तसलं काहीही दाखवत नाही. इंजिनमध्ये फिरणाऱ्या पाण्यात एक पितळी सेन्सर बसवलेला असतो. त्याच्या पोटात थर्मिस्टर असतो. थर्मिस्टर जितका तापेल तितका त्याचा रेझिस्टन्स कमी होतो. त्यामुळे वायरमधून जास्त करंट जातो आणि काटा वर सरकतो. म्हणजे काटा सांगतो फक्त एवढंच की, ‘माझ्यातून इतका करंट गेला.’ त्यावरून तापमान किती, हे आपण गृहीत धरतो. मध्ये सेन्सर, वायर, मीटर, अर्थिंग असे चार साक्षीदार. त्यातला एक जरी फुटला तरी साक्ष खोटी. आपल्या हॉस्टेलवर सिक लीव्हसाठी थर्मामीटर चहात बुडवणारे महाभाग आहेतच. तिथेही थर्मामीटर खोटं बोलत नाही, तो चहाचं तापमान अगदी बरोबर सांगतो!

हे सगळं सेन्सर्सच्या पेपरात लिहून मार्क मिळाले होते. त्याचा खरा उपयोग कळला तो दिवाळीच्या सुट्टीत, कराडला मामाकडे.

मामाची जुनी डिझेल जीप आहे. कराड-पाटण वडाप, अधूनमधून चिपळूणचं भाडं, म्हणजे कुंभार्ली घाट. या गाडीचा तापमानाचा काटा दोन महिन्यांपासून लाल पट्ट्यात जात होता. गॅरेजवाल्याने काटा बघून निकाल दिला, हेड गॅसकेट गेलंय, हेड उतरवावं लागेल, 22 हजार. मामाने पतसंस्थेच्या कर्जाचा फॉर्मसुद्धा आणून ठेवला होता. स्टँडवरच्या दुसऱ्या एका ड्रायव्हरचा सल्ला मात्र एकदम स्वस्त होता. त्याने स्वतःच्या गाडीतल्या काट्यावर चिकटपट्टी लावली होती. दिसायला नको आणि डोक्याला ताप नको!

मी मामाला विचारलं, “दिवसभर असतो का लाल पट्ट्यात?”

“न्हाई गं. दिवसा बरा असतोय. रातच्याला दिवं लावलं की चढतोय बघ.”

आता, हे वाक्य ऐकून कोणत्याही इंजिनिअरिंगवाल्याचे कान टवकारायला हवेत. रात्री हवा थंड असते, मग इंजिन जास्त का तापावं? संध्याकाळी गाडी सुरू करून नेहमीच्या तापमानाला येऊ दिली. काटा मध्यावर. दिवे लावले, काटा टुण्णकन वर! दिवे बंद केले, परत खाली.

इथे फर्स्ट इयरचं फिजिक्स पुरतं. इंजिन आणि रेडिएटर मिळून 8 लिटर पाणी धरू. ते 20 अंशांनी तापवायला साधारण 670 किलोज्यूल उष्णता लागते. एका सेकंदात तापवायचं तर 670 किलोवॅट! आणि मामाची जीप साधारण 60 हॉर्सपॉवरची, म्हणजे 45 किलोवॅट. पाणी असं उड्या मारून तापत नाही. त्यामुळे जे उडी मारत होतं ते पाणी नव्हतं, वीज होती.

दुसरा पुरावा शेजारीच होता. दिवे लावले की डिझेलचा काटाही थोडा वर जायचा! मामा म्हणाला, “हे तर ब्येस हाय की, रातीचं डिझेल वाढतंय!” एका वेळी दोन काटे एकाच दिशेने हलले, तर दोन्ही सेन्सर एकदम बिघडले असं मानण्यापेक्षा दोघांत सामाईक काय आहे ते शोधायचं. सामाईक होती मीटरची सप्लाय आणि मीटरचं अर्थिंग.

बॅटरीचं व्होल्टेज गाडी चालू असताना 14 च्या आसपास, बंद असताना 12 च्या थोडं वर. त्याबरोबर काटे नाचू नयेत म्हणून जुन्या मीटरमध्ये एक छोटा स्टॅबिलायझर असतो. तो ठरावीक व्होल्टेज देतो, पण ते मोजतो मीटरच्या अर्थिंगपासून. त्या अर्थिंगचा जोड खराब असेल आणि मीटरच्या दिव्यांचा करंट त्याच जोडातून जात असेल, तर दिवे लागताच ते अर्थिंगच एक-दीड व्होल्टने वर उचललं जातं. सेन्सर मात्र इंजिनच्या धातूवर, खऱ्या जमिनीवर उभा. भिंतीला लावून मुलाची उंची मोजताना त्याच्या पायाखाली कोणी गुपचूप पाट सरकवावा, तसं हे. मूल वाढलेलं नाही, पण खूण वर जाते. इथे दोन्ही काटे एकाच पाटावर उभे होते.

मल्टिमीटर व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं मीटरच्या अर्थच्या वायरला लावलं. दिवे बंद असताना 0.1 व्होल्ट. दिवे लावल्यावर 1.6! चांगल्या जोडावर हा आकडा 0.1-0.2 च्या पुढे जाऊ नये. पुस्तकात ‘ग्राउंड’, मामाच्या भाषेत ‘अर्थिंग’ आणि प्रत्यक्षात डॅशबोर्डमागे बॉडीला लावलेला एक गंजलेला स्क्रू. पॉलिश पेपरने जागा घासून चकचकीत केली, नवीन थिंबल लावली, स्क्रू आवळला. दिवे लावले. दोन्ही काटे जागच्या जागी.

खर्च 20 रुपये. पण मी मामाला लगेच “झालं” म्हटलं नाही. एक चोर सापडला म्हणून घरात दुसरा नसेलच असं नाही. काटा खोटा ठरला याचा अर्थ इंजिन निरोगी ठरलं असा होत नाही. ते स्वतंत्रपणे सिद्ध करायला हवं.

मग हेड गॅसकेटचे पुरावे शोधले. गाडी पूर्ण थंड असताना रेडिएटरची कॅप काढली, पाणी काठोकाठ. मामा म्हणाला महिनाभर वरून टाकलेलंच नाही. गाडी सुरू केल्यावर पाण्यात बुडबुडे नाहीत, डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ नाही, सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही.

तापमान मोजायला मामाच्या मित्राकडून इन्फ्रारेड गन आणली. (घरोघरी असलेली कोविडच्या वेळची कपाळावर धरायची गन इथे कामाची नाही, ती साधारण 43 अंशांपर्यंतच मोजते.) थर्मोस्टॅटच्या चकचकीत अॅल्युमिनियमच्या कव्हरवर धरली, तर 54 अंश! गरम इंजिन आणि 54? चकचकीत धातू स्वतःची उष्णता फार कमी किरणांतून बाहेर टाकतो, म्हणून गन फसते. त्याच जागी काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवला, मिनिटभर थांबून परत मोजलं, 86. आता पटलं. या गाडीचा थर्मोस्टॅट 82 ला उघडायला लागतो, त्याच्याशी हा आकडा जुळतो. म्हणजे काटा तपासायला आणलेला साक्षीदारसुद्धा तपासून घ्यावा लागतो!

राहता राहिला सेन्सर. तो दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन गार असताना काढला आणि स्वयंपाकघरात नेला. पातेल्यात पाणी, पाण्यात सेन्सर आणि थर्मामीटर, सेन्सरच्या टोकाला आणि अंगाला मल्टिमीटरच्या वायरी. मामी म्हणाली, “त्या पातेल्यात मी चहा करत न्हाई बाई आता!” मला 27 अंशांना 900 ओहम मिळाले, 50 ला 380, 80 ला 150 आणि उकळत्या पाण्यात 90. कराड समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, त्यामुळे तिथे पाणी 100 ला नाही, 98 च्या आसपास उकळतं. आकडे कुठेही अडखळले नाहीत, उड्या मारल्या नाहीत. रेझिस्टन्सचा लॉग आणि केल्विनमधल्या तापमानाचा व्यस्त, असा आलेख काढला तर जवळजवळ सरळ रेषा! लॅबमध्ये इतकी सरळ रेषा कधी आली नव्हती. सेन्सर परत बसवताना आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळली नाही. एकाच वायरच्या सेन्सरला अर्थ मिळतो तो आट्यांमधूनच. तिथे टेपचे थर दिले तर काटा उलट कमी दाखवायला लागतो.

नव्या गाड्यांत हे काम सोपं झालं आहे आणि अवघडही. सोपं अशासाठी की स्कॅनर लावला की कॉम्प्युटरला दिसणारं तापमान आकड्यात वाचता येतं. तो आकडा एका बाइटमध्ये येतो आणि त्यातून 40 वजा करतात, म्हणून कक्षा उणे 40 ते 215. सेन्सरची वायर सुटली तर बऱ्याचदा थेट उणे 40 दिसतं. कराडमध्ये उणे 40 दिसलं, की बर्फ शोधू नये, वायर शोधावी! अवघड अशासाठी की बऱ्याच कंपन्या काटा मुद्दाम सुस्त ठेवतात. पाणी 80 असो की 100, काटा मध्यावरच. ग्राहक उगाच घाबरू नये म्हणून. आपण नाही का, घरून फोन आला की सबमिशन, मेसचं जेवण, केटी या सगळ्याची सरासरी काढून “मस्त चाललंय” सांगतो! काटा हलतो तेव्हा मग बराच उशीर झालेला असतो.

आणि सगळ्यात धोकादायक खोटं ते हेच, सगळं ठीक असल्याचं. होज फुटून पाणी निघून गेलं, तर सेन्सर पाण्याबाहेर, हवेत लटकतो. त्याला पाणी लागतच नाही, म्हणून तो थंड. काटा खाली येतो आणि इकडे हेड भाजत असतं! घाटात चढ असताना काटा अचानक खाली आला, तर ती आनंदाची बातमी नसते.

म्हणूनच त्या चिकटपट्टीवाल्याचा सल्ला मला 22 हजारांच्या निकालापेक्षा महाग वाटला. रोज खोटा लाल दाखवणाऱ्या काट्याची माणसाला सवय होते. लांडगा आला रे आला! मग ज्या दिवशी तो खरं सांगेल, त्या दिवशी मागे दहा माणसं बसलेली असतील आणि ड्रायव्हर म्हणेल, “ह्याचं रोजचंच हाय.” खोटा काटा दुरुस्त करायचा तो पैसे वाचवायला नव्हे, तर त्याचा शब्द परत मोलाचा व्हावा म्हणून.

मामाने पतसंस्थेचा फॉर्म फाडला नाही, टायरसाठी लागेल म्हणून ठेवला. निघताना मी त्याला एवढंच सांगितलं, की काट्यावर संशय घ्यायचा तो स्टँडवर, गाडी उभी असताना, हातात मल्टिमीटर घेऊन. घाटात मात्र काटा वर गेला की तो खराच आहे असं धरायचं. गाडी बाजूला घ्यायची, इंजिन बंद करायचं, माणसं उतरवायची आणि अर्धा-पाऊण तास कॅपला हात लावायचा नाही. 0.9 बारच्या कॅपखाली पाणी 118 अंशांच्या आसपासपर्यंत न उकळता राहतं. कॅप उघडताच ते एकदम उकळून तोंडावर येतं.

“आणि उशीर झाला म्हणून पाशिंजर वरडलं तर?” मामाने विचारलं.

“ओरडू दे,” मी म्हणाले. “त्यांना दिवे लावून डिझेलचा काटा दाखव.”