आधी वस्ती, मग शाळा

अभ्यासासाठी नव्या गावात गेले की मी आधी शाळेत जात नाही. शाळेच्या दारातून गावात शिरलं की गाव आपल्याला 'सरांबरोबर आलेल्या मॅडम' म्हणून ओळखतं आणि मग घराघरांतून एकच उत्तर मिळतं : शाळा चांगली आहे, सर चांगले आहेत, आमची काही तक्रार नाही. ते उत्तर खोटं नसतं, पण पाहुण्यांसाठी राखून ठेवलेलं असतं. म्हणून एसटीतून उतरल्यावर मी आधी किराणा दुकानापाशी थांबते, तिथून वस्तीत जाते आणि जे भेटतील त्यांना गावाचा नकाशा काढून द्यायला सांगते. जमिनीवर काडीनं काढला तरी चालतो.

ही नकाशाची पद्धत माझी नव्हे. 'प्रथम' या संस्थेच्या 'असर' या शैक्षणिक पाहणीत २००५ पासून ती वापरली जाते. गावातल्या लोकांबरोबर नकाशा काढायचा, गावाचे चार भाग पाडायचे, प्रत्येक भागातली पाच घरं ठरावीक अंतरानं निवडायची आणि मुलांना त्यांच्या घरी भेटायचं. शाळेत भेटलं तर त्या दिवशी हजर असलेलीच मुलं सापडतात. घरी गेलं की गैरहजर असलेली, शाळा सोडलेली, कधी नावच न घातलेली, अशी सगळी सापडतात. मला मात्र नकाशातून आणखी एक गोष्ट कळते. बायका नकाशा काढायला बसल्या की तो बहुतेक वेळा पाण्याच्या टाकीपासून सुरू होतो. मग देऊळ, रेशन दुकान, अंगणवाडी. शाळा कितव्या क्रमांकाला येते आणि कोण आठवण करून दिल्यावर येते, हे मी वहीत टिपून ठेवते. मुलाखतींच्या कितीतरी पानांपेक्षा ती नोंद मला जास्त कामाची वाटते.

शाळेत गेल्यावर कपाटातून व्यवस्थापन समितीचं इतिवृत्त बाहेर येतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नं ही समिती आणली. तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत, एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया हव्यात, शाळेचा विकास आराखडा समितीनं करायचा. हा विचार मला आजही मोलाचा वाटतो. इतिवृत्ताची वही मात्र सावकाश वाचावी लागते. विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ठराव सर्वानुमते मंजूर. सगळं एकाच हातानं, एकाच निळ्या शाईत, बरेचदा तीन महिन्यांचं एका बैठकीत लिहिलेलं. खाली सह्या. पुरुषांच्या सह्या झरझर केलेल्या. बायकांच्या सह्यांत एकेक अक्षर सुटं, रेघेवर बसवलेलं, एखादीचा अंगठा. मग विषय वाचावेत. खिचडीचा तांदूळ, रंगरंगोटी, संरक्षक भिंत, नळाची तोटी, सव्वीस जानेवारीचा कार्यक्रम. अमुक मुलाला अजून वाचता येत नाही, त्याचं काय करायचं, असा विषय शोधूनही सापडत नाही.

यात मुख्याध्यापकांना दोष देणं सोपं आहे आणि मला ते अन्यायाचं वाटतं. दोन शिक्षकी शाळेत एकाकडे दोन-दोन, तीन-तीन वर्ग असतात. तांदळाचा हिशोब, ऑनलाइन माहिती, केंद्रप्रमुखांनी आज दुपारपर्यंत मागितलेला तक्ता, हे सगळं त्याच माणसाच्या डोक्यावर. सभा झाल्याचा कागद वर जावा लागतो, तो जातो. प्रश्न आम्हा अभ्यासकांचा आहे. त्या कागदावरून 'सहभाग चांगला' असा शेरा मारायचा की ज्या बाईनं तो अंगठा उठवला तिच्या ओट्यावर जाऊन बसायचं, हे आम्हाला ठरवावं लागतं.

ओट्यावर बसलं की ऐकू येतं, "हो, मागं सही करून आले होते." कशावर, ते तिला आठवत नाही. समितीवर आपण आहोत, हेही कधीकधी आमच्याकडूनच कळतं. हे फक्त आपल्याकडचं नाही. उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात अभिजित बॅनर्जी, रुक्मिणी बॅनर्जी, एस्थर डफलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २८० गावांत याच विषयावर प्रयोग केला. तो २०१० साली प्रसिद्ध झाला. तिथल्या ग्रामशिक्षण समित्यांमधल्या अनेक सदस्यांना आपण सदस्य असल्याचं ठाऊक नव्हतं आणि बहुतेक पालकांनी अशी समिती असल्याचंच ऐकलं नव्हतं. संशोधकांनी गावांचे गट केले. काही गावांत समितीचे अधिकार आणि शाळेला मिळणारा पैसा यांची माहिती देणाऱ्या सभा घेतल्या. काही ठिकाणी त्याशिवाय मुलांचं वाचन कसं तपासायचं, हेही गावकऱ्यांना शिकवलं. आणखी काही गावांत या दोन्हींच्या जोडीला गावातल्याच तरुण स्वयंसेवकांना वाचनवर्ग कसे घ्यायचे, याचं प्रशिक्षण दिलं. पहिल्या दोन प्रकारांनी शाळेत काही फरक पडला नाही, मुलांच्या वाचनातही नाही. तिसऱ्या प्रकारात जी मुलं वर्गांना बसली त्यांचं वाचन स्पष्टपणे सुधारलं.

समित्या बंद करा, असा निष्कर्ष यातून काढणारे मला भेटले आहेत. मी तो काढत नाही. माणसांना माहिती दिली, त्यांना ती पटली, पण उद्या सकाळी उठून नेमकं काय करायचं ते कुणी सांगितलं नाही, म्हणून काही घडलं नाही. जिथे करण्याजोगं काम हातात दिलं, तिथे लोक उभे राहिले. शाळा आणि गाव यांचं नातं मी आता याच जागी शोधते : एका मुलाच्या शिकण्याभोवती ओळखीच्या माणसांनी वाटून घेतलेलं काम कुठे आहे का?

घरी भेटलेलं मूल अंगणात आमच्यासमोर वाचतं तेव्हा काय घडतं, ते इथं सांगायला हवं. 'असर'च्या वाचनाच्या साधनात चार पायऱ्या असतात : अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. सुरुवात उताऱ्यापासून करायची. जमला तर गोष्ट, अडला तर शब्द, तिथंही अडला तर अक्षरं. मुलाला घाई करायची नाही, चुकलं म्हणायचं नाही. बीड जिल्ह्यातल्या एका वस्तीवर चौथीतला मुलगा माझ्यासमोर मांडी घालून बसला होता. आई शेंगा फोडत होती. "तो रोज वाचतो की," ती म्हणाली आणि त्यानं आपणहून आणलेल्या पाठ्यपुस्तकातला धडा घडाघडा म्हणून दाखवला. बोट ओळीवर होतं, पण तोंड बोटाच्या पुढे धावत होतं. मग मी नवा उतारा समोर ठेवला. बोट पहिल्या शब्दावर आलं, दुसऱ्यावर आलं आणि जोडाक्षरापाशी थांबलं. आईला वाचता येत नाही. पण थांबलेलं बोट तिला दिसलं. तिनं शेंगांची पाटी बाजूला सारली, पुढं सरकून बसली आणि मुलगा शब्दांवरून अक्षरांपर्यंत खाली येईस्तोवर पापणी न लववता पाहत राहिली. मग मला विचारलं, "आता ह्याला कुणी शिकवायचं?"

देशातल्या ग्रामीण भागात पाचवीच्या निम्म्याच्या आसपास मुलांना दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचता येत नाही, हे 'असर'चे अहवाल वर्षानुवर्षं सांगत आहेत. तो आकडा ऐकून तिनं हा प्रश्न विचारला नसता. आणि जौनपूरचा अनुभव ध्यानात ठेवला तर हेही मान्य करावं लागतं की तिच्या प्रश्नाला शाळेत किंवा गावात कुणी उत्तर देणारं नसेल, तर आठवड्याभरात तो विरून जाईल.

शाळेनं मुलाच्या घरापासून सुरुवात करावी, हे कोसबाडला फार आधी ओळखलं गेलं होतं. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारली पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी पालकांच्या अनास्थेवर भाषणं दिली नाहीत. बालवाडी उचलून पाड्यावरच्या अंगणात नेली. आज देशभर वापरला जाणारा अंगणवाडी हा शब्द तिथूनच आला. मोठी मुलं गुरांमागे कुरणात जात, म्हणून कुरणशाळा काढली. गुरं चरत असताना तिथंच शिकायचं. मूल कुठे आहे, घरातलं कोणतं काम त्याच्या अंगावर आहे, ते कोणत्या वेळी मोकळं असतं, हे आधी पाहून मग त्यांनी शाळेची जागा आणि वेळ ठरवली. शाळा आणि समाज या विषयावर मी जे काही वाचलं, त्यात याहून नेमकं क्षेत्रकार्य मला क्वचित दिसलं आहे.

इतिवृत्तात जीव आलेलाही मी पाहिला आहे, आणि तो ऊसतोडीच्या पट्ट्यात. दिवाळी झाली की मुकादमाची गाडी येते आणि नवरा-बायकोचे कोयते गाव सोडतात. मुलांना मागं ठेवता यावं म्हणून हंगामी वसतिगृहं आली. ती चालवायची जबाबदारी शाळा व्यवस्थापन समितीवर. मग वहीतले विषयच बदलतात. कोणत्या घरची किती मुलं राहणार, कुणाची आजी घरात आहे, स्वयंपाक कोण करणार, रात्री मुलींजवळ कोण झोपणार, एका मुलीला खोकला आहे तिला तालुक्याला कोण नेणार. इतिवृत्तात मुलांची नावं येतात. एरवी सभेत गप्प बसणाऱ्या आज्या इथं हक्कानं बोलतात, कारण बोललेलं त्यांनाच करायचं असतं. तीच माणसं, तीच समिती, तीच वही.

दुसरी बाजू शिक्षकांकडची. घरानं शाळेकडे यावं असं सगळे म्हणतात. शाळेनं घर ओळखावं असं फार थोडे म्हणतात. अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या टुसान शहरात लुईस मॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिक्षकांनाच अभ्यासक बनवून मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी कुटुंबांत पाठवलं आणि १९९२ मध्ये त्यावर लिहिलं. शेती, जनावरं, बांधकाम, औषधी वनस्पती, सीमेपलीकडचा व्यापार, केवढं ज्ञान त्या घरांत भरलेलं होतं आणि वर्गात त्याचा मागमूस नव्हता. शिक्षकांनी ते वर्गात आणलं. मला हे वाचताना ऊसतोडीची बाई आठवत होती. उचल किती घेतली, टनाला काय दर, खाडे किती झाले, मुकादमाचं कमिशन वजा जाता किती फिटलं आणि किती अंगावर राहिलं, हा हिशोब ती तोंडी करते. तिची मुलगी तो बाजूला बसून ऐकते. त्याच मुलीची बेरीज-वजाबाकी 'कच्ची' असल्याची नोंद शाळेत असते. एका शिक्षकांनी मुलांकडून असे हिशोब मागवून त्यांचीच शाब्दिक उदाहरणं फळ्यावर घातली. त्या तासाला मागच्या रांगेतली मुलं पुढे येऊन बसली होती.

अभ्यास संपला की अहवाल गावात वाचून दाखवायचा, हा माझा आग्रह आहे. देवळाच्या सभामंडपात, साध्या मराठीत, कुणा मुलाचं नाव न घेता. अशाच एका वाचनात बायकांनी विषयाला हात घातला : सभा अकरा वाजता असते, सभेला आलं की दिवसाची मजुरी बुडते. मुख्याध्यापक तालुक्याहून ये-जा करणारे, संध्याकाळची सभा त्यांना अवघड. बराच वेळ घासाघीस झाली आणि बाजाराचा दिवस ठरला, कारण त्या दिवशी शेतावर कुणी जात नाही. सभेच्या सुरुवातीला दोन मुलांनी नवीन पान वाचून दाखवावं, हेही तिथंच ठरलं. माझ्या अहवालात यातली एकही शिफारस नव्हती.

जी मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीच्या फडावर जातात त्यांच्यापर्यंत मात्र यातलं काहीच पोचत नाही. शिक्षण हमी कार्ड देऊन गावची शाळा त्यांना पाठवते. कारखान्याजवळच्या शाळेनं ते कार्ड पाहून मुलाला बसवून घ्यायचं असतं, आणि पुष्कळ ठिकाणी ती बसवूनही घेते. पण त्या शाळेची समिती तिथल्या गावकऱ्यांची. उसाच्या वाढ्यांनी शाकारलेल्या खोपीत राहणारे आईबाप तिच्या दृष्टीनं पालक नसतात. त्यांना सभेचा निरोप जात नाही आणि पहाटे फडात गेलेल्या माणसांना तो गेला तरी काय उपयोग? गावच्या समितीची जबाबदारी कार्ड दिल्यावर संपते, तिकडच्या समितीची सुरूच होत नाही, आणि मधले चार-पाच महिने मूल कुणाच्याच वहीत नसतं. येत्या गाळप हंगामात मला याच जागी काम करायचं आहे, आणि तिथेही सुरुवात शाळेपासून नाही, खोपींपासून.